नावं खोडली की माहिती निनावी होते का?

तळटीप:
काल 'मुक्तद्वार' यांनी लिहिलं, "सर्वेक्षणं जनतेच्या पैशातून होतात. मग विद्यापीठातल्या माणसाला बंद खोलीत बसवून, मोबाइल काढून घेऊन आकडे दाखवायचे, हे कसले थेर? नावं-पत्ते खोडा आणि डेटा सरळ नेटवर टाका." त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

नावं खोडून काय साधतं ते १९९० च्या दशकातच दिसलंय. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा डेटा नावं काढून संशोधकांना दिला होता. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी हमी दिली, काळजी नको. लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होती. तिने २० डॉलरला तिथल्याच केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले आणि खुद्द वेल्ड यांच्या आजारपणाची नोंद बाहेर काढली. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले गुण निनावी करून स्पर्धेसाठी वाटले. त्यातलेही काही ग्राहक दोन संशोधकांनी दुसऱ्या साइटवरच्या उघड गुणांशी ताडून ओळखले. आणि ते नुसते चित्रपट होते. सांख्यिकी विभागाकडे पगार, कर, आजार, घटस्फोट सगळं असतं, आणि ते तिसऱ्या कुणाला कळणार नाही या भरवशावर लोकांनी सांगितलेलं असतं. तो भरवसा एकदा गेला की पुढच्या सर्वेक्षणाला लोक थापाच मारतील. मग टाका नेटवर, थापांचा डेटा.

मुक्तद्वार:
आला वेल्डचा किस्सा! अहो, हे गृहस्थ भर समारंभात कोसळले होते, बातमी सगळीकडे छापून आली होती. रुग्णालयात कधी नेलं ते जगाला ठाऊक. तुमच्या-आमच्यासारख्या सामान्य माणसाला शोधायला कोण मतदारयादी विकत घेणार आहे?

माझं ऐका. डेटासाठी अर्ज केला तेव्हा प्रबंधाला विषय होता. मंजुरी आली तेव्हा गाइड निवृत्त झालेले, आणि त्याच प्रश्नावर दुसऱ्या कुणाचा तरी पेपर छापून आलेला. गोपनीयतेपायी माझी जी वर्षं गेली ती कुठल्या तक्त्यात धरता?

तळटीप:
सामान्य माणसाला कोण शोधणार? घटस्फोट घेतलेला जोडीदार, विमा कंपनी, शेजारी. पिनकोड, वय, व्यवसाय माहीत असायला फार अक्कल लागत नाही. मंजुरीच्या दिरंगाईबद्दल वाईट वाटतं, पण तो वेगळा आजार आहे.

पाटीपेन्सिल:
खोलीचं सोडा हो, खोलीत मी आनंदाने बसते. आउटपुटचं, म्हणजे खोलीतून बाहेर न्यायच्या तक्त्यांचं बोला! तक्त्याच्या एका घरात दहापेक्षा कमी माणसं आली की सगळा तक्ता परत. माझा विषय दुर्मीळ अपंगत्व. घरं लहानच येणार. काय करू, रुग्ण वाढवू? त्यात तपासणारा माणूस विषयातला नसतो. परिषद उद्यावर आणि याचं पत्र येतं, 'कृपया तक्ता ७ स्पष्ट करावा'.

रात्रपाळी:
तो 'तपासणारा माणूस' मी. बोला.

लोकांना वाटतं आम्ही आकड्यांवर नाग होऊन बसलोय. एकच संशोधक सोमवारी सगळ्या डॉक्टरांच्या सरासरी उत्पन्नाचा तक्ता नेतो आणि गुरुवारी 'एक टोकाची नोंद वगळून' तोच तक्ता मागतो. दोन्ही तक्ते निर्दोष. वजाबाकी केली की त्या एका डॉक्टरचा पगार हातात! म्हणून जुनी आउटपुटं काढून बसावं लागतं. 'कमाल उत्पन्न' लिहून नेणारेही भेटतात. कमाल म्हणजे एकच माणूस की हो.

पाटीपेन्सिल:
आणि रिग्रेशन, म्हणजे कशाचा कशावर किती परिणाम ते काढायचं गणित? तेही अडवता.

रात्रपाळी:
गुणांक सहसा सोडतो. अडवतो ते अवशेषांचे, म्हणजे गणिताचा अंदाज आणि खरा आकडा यांतल्या फरकांचे आलेख, कारण त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. आणि तुमच्यासारखे प्रोग्रामने केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद असलेली तीनशे पानांची लॉग फाइल पाठवून 'जरा बघून घ्या' म्हणतात. ती तीनशे पानं कोण वाचतं?

पाटीपेन्सिल:
'तुमच्यासारखे' म्हणजे काय? आत नेट नाही, सॉफ्टवेअरचं एक पॅकेज घालायचं तर तीन सह्या. ते येईपर्यंत जमेल तेवढं एकदम चालवून ठेवतो आम्ही. आधी तुमची यंत्रं सुधारा, मग लॉगवर बोला.

कुंपण:
सगळे संशोधकाला चोर धरून चाललेत, गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जनगणना विभागाने जपानी वंशाचे लोक कुठल्या वस्तीत किती आहेत ते लष्कराला दिलं. १९४३ मध्ये वॉशिंग्टनमधल्या अशा लोकांची नावं-पत्तेही सीक्रेट सर्व्हिसला दिले. त्यात एकही पीएचडीचा विद्यार्थी नव्हता. कुलपाची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्यावर पहारा कुणाचा?

तळटीप:
हे मान्य करावंच लागेल, नाइलाज आहे. पण यावरून 'नेटवर टाका' कसं निघतं ते सांगा.

मुक्तद्वार:
बरं बाबा, नेटवर नको, जिंकलात. पण मग खोलीही नको. डेन्मार्कमध्ये संशोधक आपल्याच टेबलावरून लॉगिन करतात, डेटा विभागाच्या सर्व्हरवरून हलत नाही. फ्रान्समध्ये विद्यापीठात डेटाच्या सर्व्हरला जोडलेली एक पेटी बसवतात, बोटाचा ठसा दिल्याशिवाय उघडत नाही, पेन ड्राइव्ह चालत नाही. त्यांना जमतं, बाकीच्यांना का नाही?

तळटीप:
म्हणजे सुरक्षित प्रकल्प, माणूस, जागा, डेटा आणि आउटपुट. ब्रिटिश सांख्यिकी कार्यालयात हीच पंचसूत्री तयार झाली. काल तुम्ही त्याला थेर म्हणत होता.

अनामिका:
त्या पाचांत सहावं लिहायचं राहिलंय, सुरक्षित ओळखी. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४ कोटींहून अधिक मुलांचं आणि त्यांच्या पालकांचं उत्पन्न अमेरिकेच्या करखात्याच्या नोंदींतून ताडलं. थोरच काम. पण लहान विद्यापीठातल्या मुलीने तसा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा? आमच्या विभागप्रमुखांना तर करारावर सही कुणी करायची हेच ठरवता येईना. निदान त्याच रचनेची बनावट फाइल आधी द्या, प्रोग्राम तरी घरी लिहून होईल.

रात्रपाळी:
बनावट फाइलची मागणी रास्त आहे. माझंही काम हलकं होईल.

पाटीपेन्सिल, वयोगट एकत्र करून बघा.

पाटीपेन्सिल:
वयोगट एकत्र केले की प्रश्नच मरतो. तो आजार कुठल्या वयात सुरू होतो हाच प्रश्न आहे!

रात्रपाळी:
मग अर्जातच तसं लिहायचं. दहाचा नियम काही दगडावरची रेघ नाही. लेखी कारण पटलं तर काही ठिकाणी शिथिल करतात.

पाटीपेन्सिल:
काही ठिकाणी म्हणजे तुमच्याकडे?

रात्रपाळी:
आमच्याकडे नाही.