जुन्या वर्ड फाइलींतील मराठी मजकूर इनडिझाइनमध्ये कसा आणावा?

नदीकाठ
नमस्कार. आमच्या वाचनालयाने २००० साली काढलेल्या स्थानिक इतिहासाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती इनडिझाइन या पानमांडणीच्या संगणकप्रणालीत करावयाची आहे. मूळ मजकूर वर्ड ९७ च्या फाइलींत असून तो श्रीलिपी या मराठी टंकनप्रणालीच्या ‘श्री-देव’ फॉन्टमध्ये टंकलेला आहे. अधूनमधून येणारी इंग्रजी नावे टाइम्स न्यू रोमनमध्ये आहेत. वंशावळींचे परिशिष्ट मात्र फक्त पेजमेकर ६.५ या जुन्या पानमांडणीप्रणालीत आहे. एक प्रकरण नोटपॅडमध्ये घेऊन महाजालावरील एका परिवर्तकातून (जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य संकेतप्रणालीत बदलणाऱ्या साधनातून) काढून पाहिले, तर मराठी बरीचशी जमली, पण इंग्रजी नावांच्या जागी अगम्य अक्षरे आली आणि तळटीपा नाहीशा झाल्या. तोच मजकूर इनडिझाइनमध्ये चिकटवला, तेव्हा जोडाक्षरे सुटली व ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या पुढे जाऊन बसल्या. सगळे पुस्तक पुन्हा टंकून घ्यावे, असे काहींचे मत आहे. दुसरा मार्ग आहे काय?

जुळारी
पुन्हा टंकू नये. त्यात नव्या चुका शिरतात आणि मुद्रितशोधनाचा खर्च वाढतो.

आपल्या फाइलीत संगणकाच्या लेखी मराठी नाहीच. आहेत ती रोमन अक्षरे व चिन्हे, ज्यांवर फॉन्टने देवनागरी आकार चढवले आहेत. श्री-देवमध्ये ‘म’ दिसतो तिथे प्रत्यक्षात अधोरेषेचे चिन्ह असते, लहान ‘एच’ म्हणजे ‘ह’ आणि मोठा ‘एच’ म्हणजे ‘क’चा मुख्य भाग. कोणता तुकडा मराठी आणि कोणता खरोखरीच इंग्रजी, हे केवळ फॉन्टच्या नावावरून कळते, आणि नोटपॅडने नेमके तेच पुसून टाकले. म्हणून परिवर्तन वर्डच्या फाइलीतच, फॉन्टची नावे शाबूत असताना करावे. श्रीलिपीच्या संचासोबत परिवर्तक येतो. दुसरा वापरायचा झाल्यास तो फाइल फॉन्टनिहाय वाचतो आणि तळटीपांतही शिरतो, एवढी खात्री करून घ्यावी.

फाइल उघडण्यापूर्वी वर्डमधील आपोआप दुरुस्तीच्या सर्व सोयी बंद कराव्यात. वाक्यारंभीचे अक्षर मोठे करण्याची सोय चालू राहिली, तर जिथे हात लागेल तिथे ‘हे’चा मोडका ‘के’ होतो आणि कारण काही केल्या उमजत नाही. शिवाय शोधा-बदला वापरून टाइम्स न्यू रोमनमधील सगळा मजकूर आधीच लाल करून ठेवावा. परिवर्तनानंतर इंग्रजी नावे तपासणे फार सोपे जाते.

पानमांडणी
जुळारी यांच्याशी सहमत आहे. जोडाक्षरे सुटण्याचे कारण मात्र वेगळे आहे. तिथे परिवर्तकाचा दोष नाही. इनडिझाइनचा नेहमीचा कंपोझर, म्हणजे अक्षरे व ओळी जुळवणारी यंत्रणा, देवनागरीची जुळणी करत नाही. परिच्छेदशैलीतील जस्टिफिकेशनच्या भागात ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा आणि अक्षररचनेत भाषा मराठी ठेवावी. हे शैलीतच करावे. मजकूर निवडून वरवर केले, तर पुढचे प्रकरण आणताना तीच रड पुन्हा सुरू होते.

मजकूर चिकटवू नये, ‘प्लेस’ या आज्ञेने फाइलच आत आणावी व आयातीचे पर्याय उघडून पाहावेत. त्यांतील तळटीपांच्या पर्यायावर खूण असावी, आणि वर्डमधील शैली आपल्या शैलींशी जोडून घ्याव्यात. म्हणजे जुन्या फाइलीत हाताने दिलेले ठळक मथळे व रिकाम्या ओळींचा पसारा पानावर येत नाही.

मुद्रितशोधकाकडे देण्यापूर्वी तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली ‘र्या’. बऱ्याच परिवर्तकांना ‘ऱ्या’ नीट जमत नाही आणि ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होते. सरसकट बदल करू नये, कारण ‘कार्यालय’ आणि ‘सूर्या’ बरोबरच आहेत. दुसरी, ‘अ’ला स्वतंत्र काना जोडून झालेला ‘आ’. पानावर तो नेहमीच्या ‘आ’सारखाच दिसू शकतो, पण ‘आणि’ शोधल्यास असा शब्द सापडत नाही, आणि सूची करताना याचा फार त्रास होतो. तिसरी, तुटक रेषेचे वर्तुळ. ते दिसले की तिथे वेलांटी किंवा मात्रा चुकीच्या क्रमाने पडली आहे असे समजावे. रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येणारे ‘सर्वांना’सारखे शब्द मात्र डोळ्यांनीच पाहावे लागतात.

नदीकाठ
दोघांचाही आभारी आहे. एक प्रकरण या पद्धतीने केले. इंग्रजी नावे व तळटीपा जागच्या जागी आल्या. पेजमेकरच्या फाइली मात्र इनडिझाइन उघडतच नाही.

जुळारी
पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली उघडणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती २०१२ ची सीएस ६. ती कुणाकडे असल्यास उत्तम, नसल्यास पेजमेकर असलेला एखादा जुना संगणक शोधून प्रत्येक मजकूरखंड आरटीएफ स्वरूपात निर्यात करून घ्यावा, कारण त्यात फॉन्टची नावे टिकतात. पुढची रीत वरच्याप्रमाणेच. वंशावळींच्या रेघा मजकुरासोबत येणार नाहीत. त्या इनडिझाइनमध्ये नव्यानेच आखाव्यात आणि जुन्या पुस्तकाचे छापील पान समोर ठेवावे, म्हणजे कोणाची शाखा कोणाखाली हे चुकणार नाही.