बारावी झाली. जे आवडतं ते घरी सांगताच येत नाही

माणदेशी_पोरगा:

नमस्कार. मी सांगोला तालुक्यातला. यंदा बारावी सायन्स झालो, ६१ टक्के. सीईटीला ४८ पर्सेंटाइल. निकाल लागल्यापासून रोज कुणीतरी विचारतंच, "मग, पुढं काय?" मी म्हणतो, बघू. ते "बघू" म्हणायचाही आता कंटाळा आलाय.

आमची डाळिंबाची बाग होती. तेल्या रोग पडला, दोन वर्षं फवारण्या केल्या आणि शेवटी झाडं उपटून टाकली. तेव्हापासून अण्णांचं एकच, "मातीत मी राबलो तेवढं बास, तू इंजिनिअर हो." मध्ये एका खासगी कॉलेजचा माणूस घरी येऊन गेला. एवढ्या पर्सेंटाइलला पण कॉम्प्युटरला जागा मिळवून देतो म्हणाला. फीचा आकडा ऐकला आणि आई उठून आत गेली. दोन मित्र पोलीस भरतीसाठी पहाटे पळतात, एक चाकणला कंपनीत लागला. सगळ्यांचं काही ना काही ठरलंय.

आता खरं काय ते लिहितो. माझ्या मामाचं मोटारी भरायचं, म्हणजे पाण्याच्या जळक्या मोटारीत नवी वायर घालून द्यायचं दुकान आहे. नववीपासून सुट्टीत तिथं जातो. मार्च ते मे दुकानात पाय ठेवायला जागा नसते, पाणी खाली गेलेलं, व्होल्टेज कमी, रोज चार-पाच जळक्या मोटारी येतात. जळकी वायर काढायची, स्लॉट म्हणजे वायर बसायच्या खाचा साफ करायच्या, नवा कागद घालायचा, वायरचे वेढे मोजून कॉइल पाडायच्या. २४ स्लॉटची मोटार असली तर १२ कॉइल, एका फेजला चार. हे मला आता पाठ आहे.

गेल्या एप्रिलमध्ये पाच एचपीची एक मोटार मी एकट्यानं भरली. चालू केली तर नुसती गुरगुरायला लागली. करंट मोजायचा टाँग टेस्टर लावला, तिन्ही फेजचा करंट सारखा येईना. मामानं बघितलं आणि म्हणाला, एक कॉइल उलटी जोडलीस. सोडून परत जोडली, मोटार सुरळीत. पण मी रात्री झोपलो नाही. एक कॉइल उलटी पडली तर करंट का बिघडतो? मामाला विचारलं, तो म्हणाला, "तसंच असतंय." बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात इंडक्शनचा धडा काढून वाचला. परीक्षेसाठी मी तो घोकला होता, त्या रात्री पहिल्यांदा समजून घ्यायला वाचला. अर्धाच समजला.

अण्णांना सांगितलं तर म्हणतील, एवढं शिकून हात काळे करणार का. आणि मला स्वतःलाही कळत नाही की ही आवड आहे, का फक्त सवय. मामाकडंच बसलो तर आणखी वीस वर्षांनी मीही "तसंच असतंय" म्हणेन, ह्याची भीती वाटते. कुणी मोकळेपणानं सांगाल का?

---

तंत्रनिकेतनवाली ताई:

मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवते, अकरा वर्षं झाली. तुझा प्रश्न दोनदा वाचला. त्या रात्री तुला झोप लागली नाही, तो प्रश्न आमच्याकडे एसी मशीन्सच्या विषयात येतो. तीन फेजच्या कॉइल ठरावीक अंतरावर आणि ठरावीक दिशेने बसल्या की आत चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं. एक कॉइल उलटी पडली की ती आपल्याच फेजच्या इतर कॉइलींना विरोध करते. मग क्षेत्र नीट फिरत नाही, त्या फेजला करंट जास्त ओढला जातो आणि मोटार गुरगुरते. वर्गातल्या साठ पोरांना हे फळ्यावर दाखवताना घाम फुटतो. तू ते हातांनी केलं आहेस.

इंजिनिअरिंगची पदवी की मामाचं दुकान, असे दोनच रस्ते आहेत असं धरून बसू नकोस. बारावी सायन्सवर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्याला सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवर यादी लागते. दोन वर्षांत इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा हातात. त्यानंतर वाटलं तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे अण्णांचं इंजिनिअर व्हायचं दार बंद होत नाही. शासकीय तंत्रनिकेतनाची फी आणि त्या खासगी माणसाने सांगितलेली फी शेजारी शेजारी लिहून आईला दाखव.

दुसऱ्या वर्षाला थेट येणाऱ्या मुलांना पहिले दोन महिने जड जातात हेही सांगून ठेवते. ड्रॉइंग आणि बेसिक इलेक्ट्रिकल इतरांचं झालेलं असतं. मोटार उघडून बसलेल्या मुलाला ते भरून काढणं अवघड नाही, पण रोज बसावं लागेल.

आणि एक, हात जोडून सांगते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन क्रीमी लेअर आत्ताच काढायला टाक. दरवर्षी चांगली मुलं कागदाच्या एका कपट्यावरून जागा घालवून बसतात, आणि मला ते बघवत नाही.

---

वायरमन पंढरपूर:

ताईंनी डिप्लोमाचं सांगितलं, मी आयटीआयचं सांगतो. मी इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, दोन वर्षं. मग अप्रेंटिस. महावितरणमध्ये विद्युत सहायक व्हायचं तर आयटीआय किंवा तसाच कोर्स लागतोच. माझं तिथं झालं नाही, म्हणून फिटिंगची कामं घ्यायला लागलो.

मित्रा, कागदाची किंमत मला कामात कळली. नवीन कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. अख्खं घर मी वायरिंग करायचो आणि सहीसाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहायचो. पैसे तर जायचेच, पण घरमालकासमोर मान खाली जायची ते जास्त लागायचं. तुझ्या हातात कला आहे, पण कलेच्या मागं कागद असू दे. परवान्यापर्यंत जाशील असाच रस्ता धर, मग आयटीआय असो का डिप्लोमा.

मामाचं दुकान सोडू नको. सुट्टीत जात राहा. तिथं दिवसाला पाच मोटारी बघायला मिळतात, कॉलेजात वर्षाला एवढ्या मिळत नाहीत.

---

निशिगंध:

मी इलेक्ट्रिकलची नाही, त्यामुळे त्यातलं सांगत नाही. अण्णांबद्दल लिहिते.

माझ्या बाबांनीही मला इंजिनिअरिंगला घातलं होतं. दुसऱ्या वर्षापर्यंत सहा विषय राहिले आणि मी सोडलं. ती दोन वर्षं घरात जेवताना कुणी बोलत नसे. नंतर मी बेकरीचं काम शिकले, आज माझी स्वतःची आहे. बाबांचा राग गेला तो समजावण्याने गेला नाही. एकदा पहाटे चारला ते भट्टीपाशी येऊन बसले. मी पीठ कसं बघते, कधी थांबते, ते तासभर बघत होते. घरी जाताना म्हणाले, "तुला कळतंय की गं सगळं."

अण्णा ज्याला हात काळे करणं म्हणतात, ते त्यांनी एकदा तरी बघितलंय का? बागेनं त्यांना फार मोठा घाव दिलाय. तू परत तसाच राबून रिकाम्या हातानं उभा राहशील ही त्यांची भीती आहे. तिचा राग मानू नकोस.

---

माणदेशी_पोरगा:

उत्तर द्यायला आठ दिवस लागले. सगळ्यांचे मनापासून आभार.

निशिगंध ताई, तुमचं वाचून अण्णांना दुकानात घेऊन गेलो. निमित्त आमच्याच विहिरीवरच्या मोटारीचं केलं. मामा मुद्दाम चहाला निघून गेला. मी मोटार खोलली, कुठली कॉइल जळली ते दाखवलं. अण्णा आधी दारातच उभे होते, मग स्टूल ओढून बसले. मी वेढे घालत होतो आणि ते मनातल्या मनात मोजत होते, ओठ हलत होते. एकदा म्हणाले, "थांब, एक कमी झाला." खरंच एक कमी होता.

संध्याकाळी त्यांनी ताईंनी लिहिलेलं मोबाइलवर वाचायला मागितलं. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ते वाक्य दोनदा वाचलं. हो म्हणाले नाहीत, पण त्या कॉलेजवाल्याचा फोन आला तर उचलला नाही.

परवा सोलापूरला तंत्रनिकेतन बघायला दोघं जाणार आहोत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत अर्ज टाकलाय. ताई, एक विचारायचं राहिलं. ड्रॉइंगचं पुस्तक आत्तापासून घेऊन बसलो तर चालेल का, का आधी बेसिक इलेक्ट्रिकल वाचू?

---

तंत्रनिकेतनवाली ताई:

आधी बेसिक इलेक्ट्रिकल. वाचताना मामाच्या दुकानातली एक जुनी मोटार शेजारी ठेव. आणि सोलापूरला गेलास की मशीन लॅब उघडून दाखवा म्हण. अण्णांनाही आत ने.