ऐन मे महिन्यात आठ दिवस पाहुणे, दुपारी ऊन आणि संध्याकाळी वळीव, कसं बसवू?

फाट्यावरची_वैनी:
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो, टू बीएचके, बिल्डिंगचा शेवटचा मजला. शनिवारी डोंबिवलीहून नणंद, तिचे मिस्टर, दोन मुलं (९ आणि ५) आणि तिचे सासरे येतायत, आठ दिवस. सासऱ्यांना सगळे दादाच म्हणतात, ७४ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. चार वर्षांनी येतायत सगळे त्यामुळे मला खूप आनंद झालाय पण तेवढंच टेन्शनही आलंय. पारा चाळिशीच्या वर आणि गेले तीन दिवस चार वाजले की आभाळ भरून येतं, धूळ उडते, विजा कडाडतात आणि लाईट जाते ती दोन-तीन तास येतच नाही. एसी एकाच बेडरूमला, हॉलमध्ये कूलर, इन्व्हर्टर आहे, १५० एएचची एक बॅटरी. मुलांना रामकुंड, पांडवलेणी, त्र्यंबक सगळं बघायचंय, दादांना काळारामाचं दर्शन घ्यायचंय. फिरायचं कधी, झोपवायचं कुठे आणि खायला काय करायचं, प्लीज सांगा.

गोदाकाठचा:
ताई, दिवस उलटा लावा. पहाटे साडेपाचला उठवा सगळ्यांना, मुलं कुरकुरतील पण सहाला रामकुंडावर पोचलात की गोदावरीच्या काठचा तो गारवा त्यांच्या लक्षात राहील. तिथूनच काळाराम आणि सीतागुंफा, दोन्ही चालत जाण्यासारखं. देवळात अनवाणी चालावं लागतं आणि दहानंतर फरशी अशी तापते की दादांचे पाय भाजतील, म्हणून नऊच्या आत घरी. पांडवलेणी तुम्हाला जवळ आहे पण चांगल्या दोनेकशे पायऱ्या आहेत, तो दिवस फक्त मुलांचा आणि त्यांच्या बाबांचा ठेवा. २४ लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट नको, क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा शिलालेख असलेलं दहावं लेणं आणि मोठं चैत्यगृह दाखवा, तेवढं मन भरून बघू द्या. त्र्यंबकला सुट्टीत रांग फार मोठी असते, वीकडेला आणि पहाटेच निघा. आणि हो, मुंबईकडचे पाहुणे मे मध्ये द्राक्षं मागतातच, त्यांना आधीच सांगून ठेवा की हंगाम एप्रिलमध्ये संपतो, बेदाणे मात्र छान मिळतील.

वायरमन_काका:
इन्व्हर्टरचं सांगतो कारण इथेच सगळ्यांची गफलत होते. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, पण बॅटरी थोडी जुनी असेल, वाटेत वीज वाया जाते, तर हातात बाराशेच धरा. ७५ वॅटचे चार पंखे आणि दोन-तीन एलईडी लावले की साडेतीन तास निघतील. त्यात कूलर लावलात तर दोन तासांवर येईल, म्हणून लाईट गेली की कूलर बंद, सगळ्यांनी दोन पंख्यांखाली बसायचं. बॅटरीतलं पाणी शनिवारच्या आधी बघून घ्या. कूलरच्या समोरची खिडकी उघडी हवी नाहीतर खोलीत दमटपणा कोंडतो, आणि पाऊस पडून गेल्यावर हवाच ओली असते तेव्हा कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. कडकडाट सुरू व्हायच्या आधीच टीव्ही, वायफाय, फ्रीजचा प्लग काढा. फ्रीज उघडला नाही तर साधारण चार तास आत गार राहतो. पाण्याची मोटारही लाईटवरच चालते, सात माणसांना वरची टाकी पुरत नाही, रोज सकाळी दोन-तीन बादल्या भरून ठेवत जा.

सुधा_मावशी:
मी ३० वर्षं नर्स होते म्हणून दादांची काळजी वाटली. डोंबिवलीच्या माणसाला चिकचिक झाली की उन्हाळा कळतो, आपल्याकडे घाम येतो आणि लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी जातंय हे त्यांना कळणारच नाही. तहान लागली नाही तरी तासाला अर्धा ग्लास द्या, पन्हं, ताक, कोकम सरबत काहीही, पण मीठ बेताचं, आणि बीपीच्या गोळीत लघवी जास्त होणारी असेल तर यायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगा नणंदेला. एसीची खोली दादांनाच द्या, मुलं हॉलमध्ये गादीवर झोपतील, त्यांना त्यात मजाच वाटते. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं तर वाट बघू नका, ओल्या फडक्यानं पुसत १०८ ला फोन करा. रात्री स्वैपाकात वरणभात उरवू नका, आमरस बसेल तेवढाच काढा.

पापडवाली_नाशिककर:
एक गोष्ट कळकळीने सांगते. गेल्या वर्षी माझ्या आत्येसासूबाई पाहुण्या आल्या होत्या, गच्चीवर कुरडया वाळत होत्या, वीज चमकायला लागली तरी त्या धावत वर गेल्या, आणि शेजारच्या इमारतीवर वीज पडली, माझा जीव गळ्यात आला होता. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. वाळवण भिजू दे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी वर जायचं नाही, मुलांनी तर नाहीच. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर घ्या, जवळपास वीज पडत असेल तर कळतं.

फाट्यावरची_वैनी:
सगळ्यांचे खरंच मनापासून आभार. नणंदेला फोन केला, त्या गोळीबद्दल ती उद्या डॉक्टरांना विचारणार आहे. आणि एसीची खोली दादांना दिली हे ऐकून ती फोनवरच रडायला लागली, वहिनी तुम्ही एवढा विचार केलात म्हणून. आता एकच विचारते पापडवाली ताई, तिला आणि मला मिळून कुरडया करायच्यात, सासूबाई असताना दोघी करायचो, गहू आजच भिजत घातलेत, पण ह्या आभाळात वाळवायच्या कुठे?

पापडवाली_नाशिककर:
पहाटे पाचला चीक शिजवा, सातपर्यंत गच्चीवर घालून व्हायला हव्यात, दोनपर्यंत वरून खडखडीत होतात. मग चादरीसकट उचलून घरात पंख्याखाली, दुसऱ्या दिवशी उलटून परत उन्हात. आणि पहिला घाणा मुलांसाठी बाजूला ठेवा, गरम चीक तूप-साखर घालून.