बी४५० बोर्ड घेण्याआधी

नवीन कॉम्प्युटर जोडण्यासाठी एकाने रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि १६ जीबीची रॅमची एकच पट्टी अशी यादी दिलीये, ग्राफिक्स कार्ड नंतर घेणार म्हणे. इथेच गाडी अडेल. ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग, नाही. कार्ड लावेपर्यंत स्क्रीन काळीच राहणार. तो भाग असलेला ५६००जी घ्या.

दुसरं, बी४५० चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप) २०१८ चा, हे प्रोसेसर २०२१-२२ चे. जुन्या स्टॉकमधल्या बोर्डात जुनं बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) असेल तर सॉकेट जुळूनही मशीन चालू होत नाही. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची सीपीयू सपोर्ट यादी उघडा, ५६००जी समोर कमीत कमी कुठलं बायोस लिहिलंय ते बघा. बोर्डावर फ्लॅशबॅक (बायोस अपडेट करायचं) बटण असेल तर एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून अपडेट घरीच होतं. नसेल तर कुठूनही घ्या, दुकानदाराकडून अपडेट करून, स्क्रीनवर दाखवूनच बोर्ड ताब्यात घ्या.

रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, डीडीआर४ ३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग). अंगभूत ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे एकाच पट्टीवर गेम चांगलेच रखडतात. रॅमचे चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगानेच चालेल.

काही बोर्डांवर एम.२ एसएसडी (थेट बोर्डात बसणारी छोटी डिस्क) लावली की एक-दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्कची वायर जोडायच्या जागा) बंद पडतात. जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर आधी मॅन्युअल बघा, डिस्कला दोष नंतर.