कुटुंब नियोजनाची माहिती डॉक्टर-नर्सकडून मिळाली का, हे मोजायचे कसे?

अंबाझरी_काठ: नमस्कार. मी नागपुरात जनऔषधवैद्यकशास्त्राचे (कम्युनिटी मेडिसिन) पदव्युत्तर शिक्षण घेत असून हिंगणा तालुक्यातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांचे सर्वेक्षण करणार आहे. टीव्ही आणि भिंतीवरच्या जाहिराती बाजूला ठेवून डॉक्टर, परिचारिका किंवा आशाताईंनी त्यांना काय सांगितले, एवढेच मला मोजायचे आहे. चाचणी मुलाखतींत "कुटुंब नियोजनाबद्दल कुणी सांगितले का?" असे विचारले, तेव्हा बहुतेक जणी "नाही" म्हणाल्या, त्यांतल्या दोघींनी तर प्रसूतीनंतर दवाखान्यातच तांबी बसवलेली होती. प्रश्न चुकतो आहे की उत्तर?

निवृत्त_आरोग्यसेविका: प्रश्नच चुकतो आहे. आपल्याकडे "कुटुंब नियोजन" म्हटले की बायकांना ऑपरेशनच आठवते. त्यामुळे तांबी, गोळ्या, निरोध, 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन अशी नावे घेऊन एकेक विचारा. आणि सासूबाई शेजारी बसल्या असतील, तर त्या दिवशी मुलाखत घेऊच नका.

आकडेमोड: त्याआधी छेद, म्हणजे टक्केवारी कोणत्या स्त्रियांमधून काढायची ते, ठरवा. जी स्त्री वर्षभरात दवाखान्यात गेलीच नाही, तिचे "नाही" आणि जी जाऊन आली तिचे "नाही" एकत्र मोजले, तर दोष पोहोचण्याचा की बोलण्याचा, हे कळत नाही. म्हणूनच डीएचएसच्या (अनेक देशांत होणारे लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षण) मूळ प्रश्नावलीत गेल्या १२ महिन्यांत आरोग्य केंद्रात गेला होतात का, हे आधी विचारतात आणि तिथे कुणी या विषयावर बोलले का, हे नंतर. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात साधन न वापरणाऱ्यांना आरोग्य कर्मचारी कधी याविषयी बोलले का, असे विचारतात, तर वापरणाऱ्यांना दुष्परिणाम सांगितले का, असे. या दोन आकड्यांची बेरीज करण्याचा मोह टाळावा. वापरणाऱ्यांसाठी आणखी दोन प्रश्न जोडा: दुसरी साधने सांगितली का, आणि त्रास झाल्यास काय करायचे ते सांगितले का. मात्र २०१९-२१ च्या फेरीत देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली होती. पंधरा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या बाईला तेव्हाचे बोलणे आठवेल, असे धरून चालू नका. पाच वर्षांची मर्यादा घाला.

अंबाझरी_काठ: दोघांचेही आभार. साधनांची नावे घेऊन त्या दोघींना पुन्हा विचारले. एकीला परिचारिकेने सगळे सांगितलेले होते. दुसरीला तांबी बसवल्याचे घरी आल्यावर कार्ड वाचून कळले. म्हणजे तिचे "नाही" खरेच होते. आता "साधन मिळाले" आणि "माहिती मिळाली" हे दोन वेगळे रकाने ठेवले आहेत.