मित्रांमध्ये व्हिफल बॉल सुरू करतोय: चेंडू, मैदान, नियम, सगळ्याबद्दल सल्ला हवा

अंगणवाला

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहणारी सहा-सात मराठी कुटुंबं. शनिवारी संध्याकाळी टेनिस बॉल क्रिकेट खेळायचो. ते बंद पडल्यात जमा आहे, कारण पार्कातलं पटांगण हंगामभर दुसऱ्यांच्या नावावर बुक असतं. शिवाय आमच्यातल्या एका मित्राच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, त्याला ओव्हरआर्म बॉलिंग जमत नाही.

या ४ जुलैला आमच्याकडे बार्बेक्यू होता. मुलाचा शाळेतला मित्र एक पिवळी प्लॅस्टिकची बॅट आणि भोकांचा पांढरा चेंडू घेऊन आला. आधी मुलं खेळली, मग आम्ही सगळेच शिरलो, आणि अंधारात चेंडू दिसेनासा होईपर्यंत कोणी घरात जायला तयार नव्हतं. या खेळाला व्हिफल बॉल म्हणतात, बेसबॉलचाच अंगणातला धाकटा भाऊ. दर शनिवारी माझ्या मागच्या अंगणात हेच खेळायचं ठरलंय.

मोठी माणसं आठ (वय ३८ ते ५५, त्यात तीन बायका), मुलं पाच, सगळ्यात लहान ९ वर्षांची. बेसबॉल नीट कळणारे दोघंच. अंगण साधारण ९० फूट लांब, ४५ फूट रुंद. डाव्या कुंपणापलीकडे शेजारच्या आजी-आजोबांचे टोमॅटोचे वाफे. मागे झाडी.

कोणते चेंडू घ्यावेत? धावायचं की नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नऊ वर्षांच्या मुलीपासून पंचावन्न वर्षांच्या काकांपर्यंत सगळ्यांना मजा येईल असे नियम कसे ठेवावेत?

चिंचपाणी

आम्ही कनेक्टिकटमध्ये चौदा वर्षं खेळतोय, म्हणजे या खेळाच्या माहेरीच.

चेंडू मूळ कंपनीचाच घ्या. दुकानात खेळण्यांच्या विभागात सगळीकडून गोल भोकं असलेले स्वस्त चेंडू मिळतात. दिसायला भाऊ-भाऊ, पण ते हवेत वळत नाहीत. खऱ्या व्हिफल बॉलच्या एकाच अर्ध्या भागाला आठ लांबट भोकं असतात आणि उरलेला अर्धा बिनभोकांचा. सगळी गंमत त्या असमानपणात आहे. एका बाजूने हवा आत-बाहेर होते, दुसऱ्या बाजूने नुसती घसरत जाते, म्हणून मनगट न पिरगाळता चेंडू वळतो. तुमच्या खांदेवाल्या मित्रासाठी हा खेळ अगदी योग्य आहे.

खरं तर तो जन्माला आलाच मुळी दुखऱ्या हातामुळे. १९५३ साली फेअरफील्डमध्ये डेव्हिड मुलानी यांचा बारा वर्षांचा मुलगा छोट्या प्लॅस्टिकच्या चेंडूने कर्व्ह (वळणारे चेंडू) टाकून टाकून हात दुखवून घ्यायचा. वडील स्वतः एकेकाळचे पिचर (बेसबॉलमधले चेंडू टाकणारे), त्यांना काळजी वाटली. त्यांनी अत्तराच्या पॅकिंगमधले प्लॅस्टिकचे गोळे मिळवले आणि मुलाबरोबर बसून त्यांना ब्लेडने वेगवेगळ्या आकाराची भोकं पाडून बघितली. आठ लांबट भोकांचा चेंडू वळला. फलंदाज हुकला की मुलं ‘व्हिफ’ म्हणायची, तेच नाव पडलं. कंपनी आजही त्याच कुटुंबाची, शेल्टन गावात.

एकदम सहा-आठ चेंडू घेऊन ठेवा. भोकांच्या मधल्या पट्टीला चीर जाते, थंडीत तर जास्तच. चीर गेलेला चेंडू पिचिंगला वापरू नका, लहान मुलांना सरावाला द्या. बॅट ती साधी, बारीक, पिवळी ३२ इंची. ग्लोव्हज लागत नाहीत. चेंडू टेनिस बॉलच्या निम्म्याहूनही हलका असतो, अंगावर बसला तरी फार तर चुरचुरतं.

कोकणसडा

धावू नका. कंपनीच्या मूळ नियमांतही धावणं नाही. ४५ फूट रुंदीत बेस (बेसबॉलमध्ये धावताना गाठायचे थांबे) टाकून धावायला लागलात तर पहिल्याच शनिवारी दोघं एकमेकांवर आदळतील, आणि पन्नाशीतल्या गुडघ्यांना ओल्या गवतावर वळणं झेपत नाही.

आमची पद्धत सांगतो. मैदानावर आडव्या दोऱ्या टाकायच्या. चेंडू पहिल्या दोरीपलीकडे गेला की सिंगल, दुसरीपलीकडे डबल, तिसरीपलीकडे ट्रिपल, मागचं कुंपण ओलांडलं की होमरन. फटका हवेत झेलला की आउट. घरंगळत आलेला चेंडू थांबायच्या आत क्षेत्ररक्षकाने उचलला तरी आउट. तीन आउट झाले की डाव बदलायचा. दोन माणसं असली तरी हा खेळ होतो, एक टाकणारा, एक मारणारा.

बेसवर खरी माणसं नसतात, ‘घोस्ट रनर’ असतात. सिंगल मारली की पहिल्या बेसवर एक भूत उभं राहिलं असं धरायचं. पुढची सिंगल आली की ते दुसऱ्या बेसवर. हिशोब तोंडी ठेवलात तर भांडणं होतील. आम्ही पायरीवर तीन उलट्या वाट्या मांडतो, रनर आला की त्या बेसची वाटी सुलटी करायची. हे काम सगळ्यात लहान मुलाला द्या. आमच्याकडे यासाठी मुलांमध्ये पाळ्या लागतात.

गल्ली क्रिकेट खेळलेल्यांना हे सगळं पाच मिनिटांत कळतं. भिंतीवरून गेला तर आउट, गॅलरीत गेला तर दोन रन, असे जागेला शोभतील असे नियम आपण लहानपणापासून करतच आलोय.

मधली_सुट्टी

अंगणवाला, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आमचा गट दोन वर्षं सुंदर चालला आणि एका हंगामात मोडला, केवळ पिचिंगमुळे. आमच्यातल्या एकाने इंटरनेटवर बघून चेंडू फुटपाथवर घासायला सुरुवात केली. घासलेला चेंडू जास्त जोरात टाकला तरी ताब्यात राहतो आणि शेवटच्या क्षणी फूटभर बाजूला जातो. तो रोज संध्याकाळी एकटा गॅरेजच्या दारावर सराव करायचा. मग तो टाकायला उभा राहिला की पुढचे सगळे तीन-तीन चेंडूंत परत. माझी दहा वर्षांची मुलगी एका संध्याकाळी चार वेळा बॅटिंगला गेली आणि बॅटला एकदाही चेंडू लागला नाही. चौथ्या वेळी तिने बॅट पायरीला टेकवून ठेवली आणि आत जाऊन पुस्तक काढलं. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, मग तिच्या मैत्रिणी आल्या नाहीत, मग त्यांच्या आया. महिन्याभरात चार पुरुष उरले आणि तेही कंटाळले.

तो माणूस वाईट नव्हता. त्याने मेहनत घेतली होती. पण पिचिंग कसं करायचं हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवलंच नव्हतं, आणि मग कोणी बोललं की ते त्याच्यावर बोट दाखवल्यासारखं झालं.

म्हणून आधीच ठरवून घ्या. चेंडू कोरा, न घासलेला. टाकताना तो हवेत थोडा उंच जाऊन खाली यायला हवा, सपाट झपकन नाही. वळवा हवा तेवढा, वेग नको. बारा वर्षांखालच्या मुलांना त्यांच्याच टीमचा माणूस टाकेल. आणि एका डावात एकाने तीनपेक्षा जास्त जणांना टाकायचं नाही, म्हणजे सगळ्यांच्या हातात चेंडू येतो. वळलेला चेंडू स्वतः टाकून बघण्यात जो आनंद आहे तो बायकांना आणि मुलांनाही मिळायला हवा.

दूरचा_शेजारी

ताईंचं दुःख समजलं, पण वेगवान पिचिंगला वाईट म्हणू नका. मी मिशिगनला असतो. इथे ब्रायटनमध्ये काही शाळकरी मुलांनी २००९ साली अंगणात लीग सुरू केली, आज एमएलडब्ल्यू नावाच्या त्या लीगचे व्हिडिओ जगभर बघतात. इंडियानातल्या मिशावाका गावात तर १९८० पासून व्हिफल बॉलची जागतिक स्पर्धा सुरू झाली, पुढे ती शिकागोजवळ स्कोकीला गेली. त्या पातळीला चेंडू घासणं, त्यावर सुरीने रेघा मारणं ही एक विद्या आहे. तो चेंडू येताना बघितलात की हात जोडाल.

माझी सूचना: आठ वाजेपर्यंत सगळ्यांचा खेळ, ताई म्हणतात त्या नियमांनी. नंतर ज्यांना हौस आहे त्यांनी वेगळा घासलेला चेंडू काढायचा. दोन्ही चेंडू वेगळ्या पिशवीत. मुलांना तो खेळ बघायला बसवा, त्यांनाच पुढे ते टाकायचंय.

मधली_सुट्टी

हे मान्य. वेगळी पिशवी हवीच.

पुण्याची_गच्ची

मध्येच विचारते. आमच्या सोसायटीत सध्या पिकलबॉलची लाट आहे. तेच चेंडू वापरून गच्चीवर हा खेळ जमेल का?

चिंचपाणी

बॅटिंगची मजा येईल, पण पिकलबॉलच्या चेंडूला सगळीकडून भोकं असतात आणि तो थोडा जडही असतो. वळण मिळणार नाही. अमेरिकेतून कोणी येणार असेल तर चार चेंडू मागवा, वजन काहीच नसतं.

कोकणसडा

शेजाऱ्यांचं राहिलं. हे फार मनावर घ्या. २००८ मध्ये कनेक्टिकटमधल्याच ग्रिनिचमध्ये काही पोरांनी गावाच्या मोकळ्या जागेवरची झुडपं तोडून स्वतः व्हिफल बॉलचं मैदान बांधलं. बोस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल स्टेडियमसारखी हिरवी उंच भिंतसुद्धा प्लायवूडची उभी केली. शेजाऱ्यांनी गर्दी आणि गोंगाटाच्या तक्रारी केल्या, गोष्ट वर्तमानपत्रात गेली, शेवटी मैदान पाडलं गेलं. पोरांची मेहनत आठवली की अजून वाईट वाटतं. पण आधी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते, हेही तितकंच खरं.

तुम्ही आजी-आजोबांकडे आधी जा. टोमॅटोच्या वाफ्यात गेलेला चेंडू म्हणजे फटका मारणारा आउट, असा नियम त्यांच्यासमोर सांगा. आणि चेंडू आणायला एकच मोठा माणूस जाईल, मुलं कुंपण चढणार नाहीत.

चिंचपाणी

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. चेंडू इतका हलका की समोरून वारा असला की चांगला बसलेला फटकाही हवेतच मरतो. शक्यतो फलंदाजाच्या पाठीमागे वारा येईल अशा बाजूला होमप्लेट (फलंदाजाची जागा) ठेवा. आणि स्ट्राइक (असे तीन झाले की फलंदाज आउट) ठरवायला अंपायर नको, वाद होतात. फलंदाजाच्या मागे घडीची खुर्ची ठेवा. चेंडू खुर्चीला लागला की स्ट्राइक. आवाज येतो, प्रश्नच मिटतो.

अंगणवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पहिला शनिवार झाला, म्हणून सविस्तर कळवतो.

सकाळीच शेजाऱ्यांकडे गेलो. आजोबा इटालियन वंशाचे, ८१ वर्षांचे. व्हिफल बॉल म्हटल्यावर त्यांनी मला आत बसवून घेतलं. तरुणपणी ब्रूकलिनच्या रस्त्यावर ते झाडूच्या दांड्याने स्टिकबॉल खेळायचे. कोणत्या मोटारीपर्यंत चेंडू गेला की डबल, आणि कोणती मॅनहोलची झाकणं मोजायची, ते अर्धा तास सांगत होते. वाफ्याच्या नियमावर म्हणाले, चेंडू आत आला तर मीच परत टाकेन, फक्त टोमॅटो पिकेपर्यंत जरा उजवीकडे मारा.

दोऱ्यांऐवजी जुन्या साडीच्या पट्ट्या वापरल्या, गवतात छान दिसतात. खुर्ची ठेवली. पिचिंगचे नियम चहाच्या वेळीच, कोणी चेंडू हातात घ्यायच्या आत सांगितले, कोणी हरकत घेतली नाही.

खांदेवाला मित्र पहिलं षटक (सवय जात नाही!) टाकायला उभा राहिला. कोपर अंगाशी धरून, नुसतं बोटांनी सोडल्यासारखा टाकत होता. भोकं एका बाजूला धरून पाच, दुसऱ्या बाजूला धरून पाच, असं आधी बाजूला टाकून बघितलं होतं त्याने. तिसरा चेंडू माझ्या बॅटपासून लांब जातोय असं वाटलं, मी सोडला, आणि मागे खुर्चीच्या पाठीला ‘टक्’ वाजलं. गेल्या आठ महिन्यांत त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. त्याची बायको पायरीवर वाट्या सांभाळत बसली होती, तिने वाटी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

नऊ वर्षांच्या सईने दोन सिंगल आणि एक डबल मारली. डबल साडीच्या काठावर थांबली होती. पलीकडे की अलीकडे, यावर दोन्ही टीम गवतात ओणव्या होऊन बघत होत्या. कुंपणापलीकडून आजोबांनी निकाल दिला, पलीकडे.

आता एकच प्रश्न. ऑक्टोबरपासून अंधार लवकर पडेल. पांढरा चेंडू संध्याकाळी दिसावा म्हणून कोणी अंगणात दिवे लावलेत का? शेजाऱ्यांच्या खिडकीत उजेड जाणार नाही असे, खाली रोख असलेले हवेत.

कोकणसडा

आहेत आमच्याकडे, गॅरेजच्या वळचणीला लावलेत. फोटो संध्याकाळी टाकतो.