९५९ चं पीक खरं समजू का?

मांजराकाठची:
राम राम मंडळी. लातूरकडची आहे, पीएचडीचं दुसरं वर्ष, काम कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर. हेच औषध काहून, तर मामांचं पोल्ट्रीचं शेड आहे. २०१९ च्या जुलैत सरकारनं कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन बंद केलं, तेव्हा घरात त्यावरून लई चर्चा झाली. तेव्हापासून डोक्यात आहे की हे औषध जंतूच्या मेम्ब्रेनला, म्हणजे बाहेरच्या पडद्याला, धरतं कसं.

पीओपीजी हे लिपिड (मेम्ब्रेन ज्यानं बनतं तसला तेलकट रेणू) क्लोरोफॉर्ममध्ये घेऊन ट्यूबमध्ये फिल्म वाळवली, वरून अमोनियम अ‍ॅसिटेटचं द्रावण, मग कोलिस्टिन. आमच्याकडं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन मोजायचं मशीन, नाही. सॅम्पल बर्फात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला पाठवलं. इलेक्ट्रोस्प्रे (द्रावणाचे चार्ज असलेले बारीक थेंब उडवायची पद्धत), पॉझिटिव्ह मोड. आलेखावर वजन भागिले चार्ज या आकड्याला जो उंचवटा येतो, ते पीक. ५८५.४ ला दोन चार्जचं कोलिस्टिन आलं, ते ठीक. ९५९.६५ म्हणजे कोलिस्टिन अधिक एक पीओपीजी, दोन चार्जवर हिशोब जुळतो. पण ९७०.६ आणि ९७८.६ ही कोण? आणि सगळ्यांत उंच ३९१.३! तीन चार्जचं कोलिस्टिन ३९०.६ ला यायला हवं, तेच सरकलंय का?

सर म्हणतात, ९५९ दिसलं ना, लिहायला घे. माझं मन घेत नाही. आबा फोनवर विचारतात, "तुझं पीक कसं हाय?" म्हटलं, आलंय, पण तण जास्त आहे.

जुना_ऑपरेटर:
ताई, आधी ३९१ झूम करून आयसोटोपांमधलं, म्हणजे त्याच रेणूच्या एकेक वजनानं जड भावंडांच्या पिकांमधलं, अंतर बघा. तीन चार्ज असतील तर ०.३३ च्या अंतरानं पडतात, एक असेल तर पूर्ण १ च्या. माझी पैज एकवर. ३९१.२८ म्हणजे थॅलेट, प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घालतात ते. शिवाय बाजारातलं कोलिस्टिन म्हणजे ए आणि बी यांचं मिश्रण. तीन चार्जचं ए दिसतंय तर बी पण ३८५.९ ला दिसायला पाहिजे. फिल्म कशात केली होती?

मांजराकाठची:
अंतर १ चं आहे. ३८५.९ ला काहीच नाही. फिल्म प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये केली, काचेच्या कुप्या संपल्या होत्या.

जुना_ऑपरेटर:
क्लोरोफॉर्म आणि प्लास्टिक, अरे देवा, थॅलेट त्यातूनच उतरलं. टिपही बदला, काचेची सिरिंज घ्या. बाकी सोपं आहे. हायड्रोजन जाऊन सोडियम आला की २२ वाढतात, दोन चार्जवर ११, झालं ९७०. पोटॅशियमचे ३८, दोन चार्जवर १९, झालं ९७८.

परभणीकर:
थांबा, ९७८ ला इतक्यात पोटॅशियम म्हणू नका. काचसामान कुठल्या पाण्यानं धुता?

मांजराकाठची:
बोअरच्या. शेवटी डिस्टिल्डनं खंगाळते. पण डिस्टिलेशनच्या कॉइलवर खाराचा जाड थर आहे. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही हो, आई डाळीपुरतं टँकरचं पाणी वेगळं झाकून ठेवते.

परभणीकर:
तेच म्हणतोय, असल्या पाण्यात कॅल्शियम असतं. पोटॅशियमनं एक हायड्रोजन हटवला की ३७.९५६ वाढतात, कॅल्शियमनं दोन हटवले की ३७.९४७. दोन चार्जवर फरक उरतो ०.००४५. तो वेगळा दिसायला दोन लाखांच्या वर रिझोल्यूशन (जवळजवळची पिकं वेगळी दाखवायची मशीनची ताकद) लागतं.

पोटॅशियम असेल तर तुम्ही म्हणता तसं नुसतं तण. कॅल्शियम असेल तर प्रयोगच वेगळा झाला. ग्राम-निगेटिव्ह जंतूच्या बाहेरच्या मेम्ब्रेनमध्ये लिपिड ए या लिपिडाचे फॉस्फेट कॅल्शियम-मॅग्नेशियमनं एकमेकांना बांधलेले असतात, कोलिस्टिन त्यांनाच हुसकून आत शिरतं. पीओपीजीलाही फॉस्फेट आहे. म्हणजे औषधाच्या जागेवर हक्क सांगणारा भाऊबंद, कॅल्शियम, तुम्ही नकळत ट्यूबमध्ये आणून बसवलात. सॅम्पलचे तीन भाग करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात किंचित पोटॅशियम अ‍ॅसिटेट, तिसऱ्यात किंचित कॅल्शियम अ‍ॅसिटेट. ९७८ कशानं चढतं ते बघा.

आता ९५९. कोलिस्टिनवर पाच अमाइन, म्हणजे पॉझिटिव्ह, पीओपीजी निगेटिव्ह. स्प्रेचा थेंब आटत जातो तशी आत दाटी होते. स्टँडवर पुण्याच्या गाडीत दोघं खेटून बसले म्हणून ते नवरा-बायको होत नाहीत. पीओपीसी, म्हणजे एकूण चार्ज शून्य असलेलं लिपिड, घेऊन हेच करून बघा, मग दोन्ही लिपिड एकाच ट्यूबमध्ये घालून बघा कोलिस्टिन कोणाला निवडतं. जमलं तर लिपिड ए मिळवा, खरं गिऱ्हाईक तेच. आणि मशीनच्या निर्वातात पाणी नाही, त्यामुळं चार्जची पकड घट्ट होते आणि तेलकट शेपटीची ढिली. कोलिस्टिनची शेपटी मेम्ब्रेनमध्ये घुसते, ते या पिकात कळणार नाही.

खर्च परवडत नसेल तर फिल्मपासून थेट होणारे मोठे लिपोसोम (लिपिडचे बारीक फुगे) सेंट्रिफ्यूजनं खाली बसवा आणि वरच्या पाण्यात किती कोलिस्टिन उरलं ते मोजा. सोबत लिपोसोम नसलेली एक ट्यूब ठेवाच. हे औषध ट्यूबच्या भिंतीलाही चिकटतं.

मांजराकाठची:
परभणीकर दादा, हे सरांना वाचून दाखवलं. आधी गप्प बसले, मग म्हणाले, "कॅल्शियमवालं कर." कपाटामागं काचेच्या नऊ कुप्या सापडल्या. खंगाळायला एलसी-एमएसचं, म्हणजे असल्या मशीनसाठीचं अगदी शुद्ध, पाणी मागवतेय. बाटलीची किंमत आबांना सांगितली तर म्हणाले, एवढ्यात टँकर येतो की.